सवतीची पाठवणी

बोटींच्या यार्डात सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून वयाने मोठा असलेला क्रेनवाला म्हणे, आणि यार्डाचा मालकही म्हणे. तिचं काम होतं शिडाच्या बोटी प्रवासासाठी तयार करून देण्याचं. पाण्यातल्या प्रवासासाठी नव्हे, रस्त्यावरच्या. कोणी बोट विकली, कोणाची बदली झाली, की ती बोट ट्रेलरवर चढवून दुसऱ्या किनाऱ्याला पोचवावी लागते. पाण्यात वादळं झेलणारी बोट रस्त्यावरच्या खड्ड्यांनी खिळखिळी होते हे लोकांना पटत नाही, आणि मावशी ते पटवण्याच्या भानगडीत पडत नसे. ती डोलकाठी उतरवून घ्यायची, तारा गुंडाळायची, टाक्यांतलं पाणी काढून टाकायची, बॅटरीची जोडणी सोडायची आणि आतलं प्रत्येक दार, प्रत्येक खण असा जखडायची की बोट आडवी केली तरी आत चमचा वाजू नये.

हे करताना तोंडाचा पट्टा चालू असायचा. कुणाच्या बोटीत ओले टॉवेल सापडत, कुणाच्या बोटीत अर्धवट खाल्लेली बिस्किटं. "बोट घ्यायची अक्कल आहे, आवरायची नाही!" हे यार्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाई. मालक म्हणायचा, मावशीच्या हातातून गेलेली बोट कधी फुटून पोचली नाही, आणि मावशीच्या तोंडातून गेलेलं गिऱ्हाईक कधी परत आलं नाही.

तिचा नवरा सुतार. लोकांची दारं-खिडक्या, कपाटं, टेबलं करण्यात त्याचा जन्म गेला. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मावशी एरवी 'अहो' म्हणे आणि रागावली की तीही मिस्त्रीच म्हणे. हल्ली 'अहो' फारसं कानावर पडत नव्हतं.

त्यांच्या घरामागे पत्र्याची एक मोठी शेड होती. मुलगी रांगत होती तेव्हा मिस्त्रीने त्या शेडमध्ये पहिल्या फळ्या आणून टाकल्या आणि सांगितलं, बोट बांधतो, ही शाळेत जायला लागेल तोवर होईल, मग आपण तिघं समुद्रावर जाऊ. मुलगी शाळेत गेली, शाळा संपली, नोकरीला लागली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. बोट शेडमध्येच. समुद्र तरी किती लांब? वारा फिरला की दोरीवर वाळत घातलेले कपडे खारट होत, इतका जवळ. पण त्या बोटीने पाणी पाहिलं ते फक्त पत्र्यातून गळणारं. नावेला अजून नावसुद्धा नव्हतं. पाण्यात उतरवू त्या दिवशी ठेवू, म्हणायचा.

मावशी तिला सवत म्हणायची. कोणी विचारलं, मिस्त्री कुठे आहेत, की ती म्हणे, "सवतीकडे." सुट्टीचा दिवस सवतीचा, संध्याकाळ सवतीची, सागवानातला बिनगाठीचा तुकडा सवतीचा. मावशीच्या वाट्याला भुसा. तो केसांत, अंथरुणात, मिठाच्या बरणीत. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दवाखान्यात भेटायला आला तो बोटांना ओलं व्हार्निश घेऊन. त्या वासाने शेजारच्या खाटेवरची बाई कासावीस झाली आणि नर्सने त्याला हाताला धरून बाहेर काढलं. मावशीने टाक्यांवर हात दाबून त्याला जे सुनावलं, ते नंतर बरेच दिवस वॉर्डात गाजत होतं.

पण एवढं सगळं बोलून तिनेच त्या बोटीच्या गाद्यांना खोळी शिवल्या होत्या. पडदेही तिचेच. यार्डात मोडीत निघालेल्या बोटींच्या धडक्या तारा, कप्प्या, कड्या निवडून तिनेच मालकाकडून मागून आणल्या होत्या. डोलकाठीचं माप चुकतंय हे तिनेच मिस्त्रीला दाखवलं आणि त्यावरून आठवडाभर दोघांनी एकमेकांशी धड बोलणं केलं नव्हतं. शेवटी त्याने काठी तिच्या मापाने कापली, पण तसं तोंडाने कधी कबूल केलं नाही.

तर एके दिवशी सकाळी यार्डाच्या मालकाने तिला हाक मारली.

"मावशी, पुढच्या आठवड्यात एक काम आहे. तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

"कुठली बोट?"

मालक हसला. "आता माझ्या तोंडून वदवून घेता होय? तुमचीच की! अभिनंदन बरं का. एवढी वर्षं सांभाळलीत, शेवटी चांगल्या घरी पडली."

मावशीच्या हातात तारेचं वेटोळं होतं. ते तिने सावकाश जमिनीवर ठेवलं.

"घेतली कोणी?" तिने विचारलं, जणू बाकीचं सगळं तिला ठाऊकच होतं आणि एवढंच राहिलं होतं.

"त्या दातांच्या डॉक्टरीणबाई नाहीत का, तिकडच्या बंदराजवळ राहतात त्या. मिस्त्री स्वतः आले होते ट्रेलर ठरवायला." मालक जरा अडखळला. "त्यांनी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं की," मावशी म्हणाली.

नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, हा तिचा नियम होता. घरात नेऊन सोलायला मोकळीक होती. त्या दिवशी तिने एका बोटीच्या तारा अशा काही आवळल्या की क्रेनवाला लांबूनच म्हणाला, "मावशी, तार आहे ती, कुणाचा गळा नव्हे."

संध्याकाळी ती घरात गेलीच नाही. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून सरळ शेडमध्ये शिरली. मिस्त्री बोटीखाली बसून सुकाणूच्या कडेला पॉलिश पेपर मारत होता.

"विकलीत?"

त्याचा हात थांबला. "सांगणारच होतो."

"कधी? ट्रेलर दारात लागल्यावर? की तुम्हाला वाटलं, मी यार्डात तिला बांधून देईन आणि मला ओळखायचीच नाही?"

"तुझ्या कामात आधीच कटकटी..."

"माझ्या कटकटींची काळजी आता सुचली? सगळ्या यार्डाला माहीत. क्रेनवाल्याला माहीत! मी तिथे उभी राहून माझ्याच घरातली बातमी ऐकली आणि वर हसून दाखवलं."

मिस्त्री उठला, गुडघ्यांवरचा भुसा झटकला. "तुला कधी आवडत होती ती? सवत म्हणायचीस. म्हटलं, सुटशील एकदाची."

हे मात्र त्याने बोलायला नको होतं.

"सुटेन?" मावशीचा आवाज पत्र्यांना जाऊन लागला. "माझे रविवार गेले हिच्यात! मुलीचं लहानपण गेलं, बाबा कुठे, बाबा कुठे करत. सवत काय, माझ्या घरात वाढली ना ती? माझ्या हातचे टाके आहेत तिच्या अंगावर. तुमच्या एकट्याची होती का विकायला? आणि विकायचीच होती, तर पाण्यात घालून दोन फेऱ्या मारून विकायची. एकदा. फक्त एकदा! का नाही नेलीत?"

मिस्त्रीने हातातल्या पॉलिश पेपरची घडी घातली. मग सुकाणूकडे बघत म्हणाला, "गळली तर?"

"काय?"

"पाण्यात उतरवली आणि गळली तर? एवढ्या वर्षांचं काम. कुठे सांधा कच्चा राहिला असेल, कुठे माप चुकलं असेल. सगळं गाव बघायला येईल. आणि आपल्या डोळ्यांदेखत ती..."

"आणि त्या डॉक्टरीणबाईंच्या हातात गळली तर चालेल?"

"ती मला दिसणार नाही ना," मिस्त्री म्हणाला.

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं तो आळशी आहे. कधी वाटलं होतं, हट्टी आहे, बोटीच्या नादाने खुळावलाय, आपल्याला टाळतोय. तो नुसता घाबरट आहे, आणि त्याच्या घाबरटपणापायी आपण एवढी वर्षं मिठातून भुसा वेचत बसलो, हे तिला आज कळत होतं. संतापाने तिला धड रडताही येईना.

"मिस्त्री," ती म्हणाली, "उद्यापासून तुम्ही माझं गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाने कामाच्या जागी उभं राहिलेलं मला चालत नाही."

ती शब्दाला जागली. दुसऱ्या दिवशी यार्डाच्या कपड्यांतच, यार्डाची पेटी घेऊन ती आपल्या घरामागच्या शेडमध्ये कामाला आली. मिस्त्रीने चहा आणून ठेवला तर म्हणाली, "पार्टीकडचा चहा आम्ही घेत नाही." तो कप तिथेच साय धरून बसला.

काम तसं ओळखीचं होतं. डोलकाठी अजून उभी केलेलीच नव्हती, ती शेडच्या छताखालच्या कैच्यांना टांगलेली होती. ती खाली घेऊन तिने जुन्या सतरंजीच्या पट्ट्यांत गुंडाळली, आडव्या दांड्या सोडवून वेगळ्या बांधल्या. कठड्याचे खांब काढले, कारण वर चार बोटं जरी आली तरी पुलाखाली ट्रेलरवाल्याचा जीव वर-खाली होतो. मग ती बोटीच्या पोटात उतरली.

आत ती आधीही शेकडो वेळा गेली होती, पण भांडायला, जेवायला बोलवायला, नाहीतर खोळींची मापं घ्यायला. कामाच्या नजरेने प्रथमच बघत होती. दारं जखडायला तिने एकेक खण उघडला आणि दरवेळी तिच्या मनाविरुद्ध हात थबकला. खण रेशमासारखे सरकत होते. कोपऱ्यांतले सांधे नखाला लागत नव्हते. लोकांच्या महागड्या बोटींत तिने फटी बुजवायला भरलेलं लुकण पाहिलं होतं, इथे लुकण नावालाही नव्हतं. हे बघून कुणालाही बरं वाटलं असतं. मावशीचा पारा आणखी चढला. इतकं चांगलं करता येतं माणसाला, आणि भीती कशाची, तर गळेल!

मग ती छोट्या ओट्याशी आली. स्टोव्ह काढून बांधायचा होता. मावशी बुटकी. यार्डातल्या प्रत्येक बोटीत ओटा तिच्या छातीशी यायचा आणि ती शिव्या देत टाचा उंचावून काम करायची. इथे ती उभी राहिली, हात ओट्यावर टेकला, आणि कोपर नेमकं जिथे असावं तिथे आलं. तिला आठवलं, फार पूर्वी एकदा ती पीठ मळत असताना हा बाबा पट्टी घेऊन मागे येऊन उभा राहिला होता आणि तिचं कोपर मोजत होता. "काय चाललंय? शवपेटी करताय की काय माझी?" असं म्हणून तिने त्याला पिठाच्या हाताने ढकललं होतं. तो आकडा पुटपुटत शेडकडे गेला होता.

माझ्या मापाचा ओटा केला, आणि मला न सांगता विकून टाकला. मावशीने स्टोव्ह असा काही उपसला की एक स्क्रू उडून कुठे गेला तो सापडला नाही.

नेमक्या त्याच दुपारी डॉक्टरीणबाई बोट बघायला आल्या. उंच, हसऱ्या, पायात कॅनव्हासचे बूट. निवृत्त झाल्या होत्या आणि आता बोटीवरच राहायचं म्हणत होत्या. त्यांनी आत वाकून सगळं पाहिलं, लाकडावरून हात फिरवला, म्हणाल्या, "काय हात आहे हो तुमच्या मिस्टरांचा! फक्त हा ओटा जरा ठेंगणा झालाय. तो मी उचलून घेईन."

"त्याला हात लावायचा नाही," मावशी म्हणाली.

मावशीला आपलं बोलणं आपल्याच कानांनी ऐकू आलं. बोट आता या बाईंची होती.

"म्हणजे, इतक्यात नाही," तिने सारवासारव केली. "प्रवासाआधी काही उखडलं की बाकीचे सांधे हलतात."

डॉक्टरीणबाईंनी ओट्याकडे पाहिलं, मग मावशीच्या कोपराकडे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तोंडात बघून नेमकं कुठे दुखतंय ते शोधलं होतं. त्या ओट्याबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत. जाताना शिडीवरून उतरता उतरता म्हणाल्या, "तिकडे पोचल्यावर डोलकाठी उभी करायला कोणीतरी जाणकार लागेल. मालकांना विचारलं तर तुम्हाला सोडतील का? पहिल्यांदा पाण्यात घालताना तुम्ही असलात तर मला धीर येईल."

"मी येते," मावशी म्हणाली. विचार करायला तिला एक श्वासही लागला नाही. "मालकाला मी सांगते. विचारायचं काय त्यात."

बोट न्यायच्या दिवशी मिस्त्रीने शेडची पुढची भिंत पत्रा पत्रा करून उतरवली. पाइपांवरून सरकवत बोट अंगणात आणली. इतकी वर्षं पत्र्याखाली राहिलेली ती प्रथमच उन्हात आली, आणि तिचं व्हार्निश असं चमकलं की शेजारपाजारचे हातातली कामं टाकून कुंपणाशी जमले. क्रेनवाल्याने पट्टे घातले. मावशी ओरडून ओरडून जागा दाखवत होती. वजन सगळं खालच्या कण्यावर बसायला हवं, बाजूच्या टेकूंनी नुसतं सावरायचं, दाबायचं नाही. ट्रेलरवाला सारखा घड्याळ बघत होता आणि मावशी त्याच्या घड्याळाकडे बघून डोळे वटारत होती.

बोट ट्रेलरवर बसली. मावशी मागचे पट्टे आवळायला गेली, आणि वळून बघते तर मिस्त्री वर चढलेला. त्याने कुठूनशी नवीकोरी निळी ताडपत्री आणली होती आणि बोटीला ती डोक्यापासून पायापर्यंत पांघरत होता.

"हे काय?"

"धूळ बसेल. खडे उडतील. सगळं व्हार्निश जाईल."

"काढा ती."

"अगं, मी नीट बांधतो."

"मिस्त्री, काढा म्हणते ना! वाऱ्याने ती फडफडणार. तासन्‌तास फडफडणार. बोटीला कोणी रस्ताभर काथ्याने घासतंय म्हणून समजा. पोचेल तेव्हा व्हार्निश सोडा, लाकूड दिसेल."

मिस्त्री ऐकेना. दोरीला गाठ मारू लागला. मावशी चाकावर पाय देऊन वर चढली आणि तिने ताडपत्रीचं टोक धरून खसकन ओढलं. तो दुसऱ्या टोकाला धरून बसला. कुंपणापलीकडे कोणीतरी हसलं. ट्रेलरवाल्याने घड्याळ बघायचं सोडून दिलं.

आणि जन्मात कधी आवाज न चढवणारा मिस्त्री ओरडला, "माझी बोट आहे!"

"होती!" मावशी ओरडली.

हा शब्द त्याला कुठेतरी लागला असावा. त्याच्या हातातून दोरी सुटली, ताडपत्री मावशीच्या अंगावर आली, आणि ती त्या निळ्या ढिगासकट ट्रेलरच्या फळीवर बसकण मारून पडली. पण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. नवऱ्याला चारचौघांत उघडं न पाडायचा नियमही त्या ताडपत्रीखाली कुठेतरी गेला.

"एवढी माया आहे ना? मग विकलीत कशाला? धूळ बसेल म्हणे! आयुष्यभर धूळच खाल्ली तिने. पाण्यात घालायची छाती नाही, आणि पांघरूण घालायला पुढे! माझं कोपर मोजून ओटा करता, अन् एका शब्दाने विचारत नाही की बाई, तुला यायचंय का. यायचं होतं मला! रोज लोकांच्या बोटी बांधून देते मी. एकीवर तरी बसलेय का कधी? तुमच्यासोबत जायचं म्हणून बसले नाही. मालकाने दहादा विचारलं, चला मावशी, चक्कर मारू. मी म्हणायची, आमची होतेय ना. आमची होतेय!"

कुंपणाशी कोणी हसत नव्हतं. मिस्त्री बोटीवरून उतरला. त्याने ताडपत्री उचलली, घडी घालायला गेला, पण त्याला काठ सापडेनात. मग तशीच बगलेत मारून तो घरात निघून गेला.

मावशीने डोळे पुसले, नाक पुसलं, राहिलेले पट्टे आवळले. पट्टा जिथे लाकडाला लागत होता तिथे खाली लोकरीचा जाड नमदा सरकवला. वरची झाकणं बाहेरून चिकटपट्टीने बंद केली. पावसाचं पाणी साचू नये म्हणून मागच्या बैठकीची भोकं मोकळी आहेत का ते काडी घालून बघितलं. मग ट्रेलरवाल्याच्या शेजारी चढून बसली आणि दार आपटलं.

"निघायचं?" त्याने जपून विचारलं.

"मग काय, मुहूर्त काढताय?"

वाटेत दर थांब्याला ती उतरून पट्टे तपासे. एका खड्ड्यात ट्रेलर दणकला तेव्हा तिने ट्रेलरवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पण एका पुलाखालून बोट केसाच्या अंतराने सहीसलामत निघाली तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला, आणि त्यानंतर त्याने आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे केलं. तिने ते घेतलं. ट्रेलरवाल्याशी तिचं भांडण नव्हतं.

बंदरात बोट पट्ट्यांवर उचलून पाण्यावर आणली, तेव्हा मावशीने सगळ्यांना हात करून थांबवलं आणि स्वतः आत जाऊन बसली. तळाच्या फळ्या उचलून, हातात कोरडं फडकं घेऊन. बोट पाण्याला टेकली. पट्टे सैल पडले. पायाखालचं सगळं जग हलकेच डुललं. मावशीने तळातून फडकं फिरवलं, प्रत्येक सांध्यावरून, प्रत्येक बोल्टाभोवती. फडकं कोरडं. ती बसून राहिली. डॉक्टरीणबाई वरून दोनदा हाक मारून गेल्या. पुन्हा फडकं फिरवलं. कोरडंच.

"काय झालं? गळतेय का?" डॉक्टरीणबाईंनी घाबरून विचारलं.

"नाही ना!" मावशी इतक्या रागाने म्हणाली की बाई दचकून मागे सरकल्या.

दुसऱ्या दिवशी डोलकाठी उभी राहिली, तारा आवळून झाल्या, आणि दोघी शिडं चढवून बाहेर पडल्या. बंदराची भिंत मागे पडल्यावर वाऱ्याने शीड भरलं, बोट एका कुशीवर कलली आणि पाणी कापत निघाली. कुठे करकर नाही, खडखड नाही. मावशीने हा क्षण मनात इतक्या वेळा पाहिला होता की आता पुढे काय वाटायला हवं हेही तिला पाठ होतं. प्रत्यक्षात तिला उलटी झाली. सकाळचा चहा, पाव, सगळं समुद्राला गेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुकाणूचा दांडा तिच्या हातात दिला. "हे धरा आणि लांबवर बघा. पोट शांत होईल."

पोट खरंच शांत झालं. दांडा हातात जिवंत होता. जरा ओढला की बोट ऐकत होती, सोडला की आपणहून वाऱ्याकडे तोंड करत होती. मावशी लांबवर बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यामुळे, असं तिने बाईंना सांगितलं. खरं तर ती मनातल्या मनात मिस्त्रीला इतक्या शिव्या देत होती की त्यांतली एकही घरी पोचेपर्यंत विसरू नये याचीच तिला चिंता लागली होती.

बसने ती परत आली. मिस्त्री दारातच बसला होता. मागे शेड भिंत नसलेली, तोंड उघडं टाकल्यासारखी. त्याने दाढी केली नव्हती. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायलं. तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत होता.

"एक थेंब नाही," मावशी कडाडली. "ऐकलंत? एक थेंब आत आला नाही! तासभर बसले मी फडकं घेऊन. वाटलं, कुठे तरी गळू दे, म्हणजे या माणसाला भ्यायला कारण तरी होतं म्हणेन. नाही! वाऱ्यावर अशी झुकली, अन् एक सांधा कुरकुरला नाही. दांडा एका बोटाने फिरतो, एका बोटाने! बंदरातले लोक विचारत होते, कुणी बांधली. असली बोट त्यांनी पाहिली नाही म्हणे. आणि बांधणारा इथे दारात बसलाय दाढी वाढवून! लाज वाटत नाही, इतकी चांगली बांधायला?"

मिस्त्रीने तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याचे खांदे हलू लागले. मावशी उभी होती तशीच उभी राहिली. जवळ जावंसं तिला वाटलं नाही असं नाही. पण ती गेली नाही.

पुढे मावशीने मालकाशी भांडून आपलं काम वाढवून घेतलं. आता ती स्वतः जखडलेल्या बोटी पोचवायलाही जाते, आणि तिकडे डोलकाठी उभी करून एक चक्कर मारल्याशिवाय परतत नाही. डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं की सुट्टी टाकून जाते. मिस्त्री तेव्हा घर सांभाळतो. शेडची भिंत त्याने पुन्हा लावलेली नाही.

एकदा तो तिची पिशवी घेऊन बसपर्यंत आला. वर चढून पिशवी फळीवर ठेवत होता तेवढ्यात बस सुटली. "थांबवा, थांबवा!" तो ओरडायला लागला. मावशीने त्याची बाही घट्ट धरली आणि पुढे बघत राहिली.

बोटीवर तो चढला नाही. धक्क्यावरच्या एका दगडावर दुपारभर बसून राहिला. मावशी आणि डॉक्टरीणबाई त्याच्यासमोरून शिडं लावून गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या. त्याने बोटीचं अंग पाण्याला कुठे टेकतंय तेवढंच पाहिलं. मावशी उतरून आली तेव्हा म्हणाला, "डावीकडे किंचित जास्त झुकतेय."

"उजवीकडे एक माणूस कमी आहे," मावशी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये बाक रिकामे होते. मावशी खिडकीशी एका बाकावर बसली आणि शेजारी पिशवी ठेवली, तेव्हा मिस्त्री निमूटपणे मागच्या बाकावर जाऊन बसला.